दैव, दोष आणि दायित्व

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर कर्जत येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मनुष्याचे चारित्र्य कशाने घडते आणि त्याच्या बऱ्यावाईट कृत्याची जबाबदारी नेमकी कोणावर, असा आजचा विषय आहे. विषय तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण मी त्याची मांडणी ग्रंथालयात बसून करणार नाही. आपल्या या दोन तालुक्यांत तो रस्त्यावर, बाजारात आणि आपल्या घरच्या बोलण्यात रोज उभा राहतो.

आपल्या घरांत सहज ऐकू येणारी वाक्ये आठवून पाहा. ‘कातकऱ्यांच्या हातात पैसा टिकत नाही.’ ‘आगाऊ पैसे घेतात आणि पळून जातात.’ ‘कितीही शिकवा, पोरे शाळेत राहत नाहीत.’ ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नसतात. बहुतेक जण सज्जन, देवभीरू आणि प्रसंगी मदतीला धावणारे असतात. परंतु या प्रत्येक वाक्यात एक निवाडा दडलेला आहे. दोष त्या माणसाच्या स्वभावात आहे, असा तो निवाडा. तो योग्य आहे का, हे आज आपण तपासू.

कात करणारा कातकरी

‘कातकरी’ या शब्दातच त्या समाजाचा व्यवसाय आहे. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणारा तो कातकरी. आपण विडा खातो, देवापुढे विडा मांडतो. त्या विड्यातला कात पिढ्यानपिढ्या ज्यांच्या हातून आला, ते हे लोक. खैर जंगलात होता आणि जंगल त्यांना मोकळे होते. १८७८ मध्ये इंग्रज सरकारने वनांचा कायदा केला. राखीव वने ठरली, सीमा आखल्या गेल्या. कालपर्यंत जो खैर तोडणे हा उद्योग होता, तो तोडणे उद्यापासून अपराध ठरले. माणूस तोच, कोयता तोच, झाडही तेच. बदलला तो कायदा. एका लेखणीच्या फटक्याने हजारो प्रामाणिक हात गुन्हेगार झाले.

त्याच काळात इंग्रज अधिकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटिअरे लिहिली. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; ते १८९१ मध्ये कुलाब्यात आले. त्या ग्रंथांत शेतकरी, कोळी, ठाकूर, कातकरी अशा प्रत्येक जातीजमातीच्या स्वभावाचे जणू प्रमाणपत्र दिलेले आहे, आणि कातकऱ्यांविषयीचा शेरा मुळीच चांगला नाही. ज्यांच्याकडून जंगल काढून घेतले, त्यांनाच वर हा शेरा मिळाला. आज आपल्या तोंडी असलेली वाक्ये आपण आपल्या अनुभवातून काढली आहेत, अशी आपली समजूत असते. त्यांतली काही आपल्या अनुभवाहून किती जुनी आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

या विचाराचे टोक म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा समाजांत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरू लागले. ठाण्यात हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत, हालचालीवर बंदी. काही करण्यापूर्वीच माणूस दोषी! स्वतंत्र भारताने हा कायदा १९५२ मध्ये रद्द केला, पण मनातली नोंदवही तशीच राहिली. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते ठाऊक आहे. ज्यांच्या आजोबांना पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागे, त्या घरांतली मुले तिथे प्रार्थना म्हणतात, गणिते सोडवतात, शिक्षक होण्याची स्वप्ने पाहतात. रक्तात गुन्हेगारी असती तर हे घडले नसते. या कामात आयुष्य वेचणाऱ्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्या कामाने जो सिद्धांत खोटा पाडला, त्याचे महत्त्व मला सन्मानापेक्षा मोठे वाटते.

बयाण्याचा हिशेब

आता वर्तमानाकडे येऊ. आपल्याकडे भातलावणी संपली की वाडीवर काम नसते. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य सरते. अशा वेळी वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम येतो आणि बयाणा देतो. नवरा-बायकोची जोडी त्या पैशांवर बांधली जाते. दिवाळी झाली की कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मजुरी हजार विटांमागे ठरलेली. आठवड्याला खर्ची मिळते, ती हिशेबातून वळती होते. हिशेब हंगामाच्या शेवटी, आणि हिशेबाची वही मालकाकडे. वहीत बाकी उरली की पुढच्या हंगामाचे पाऊल आधीच अडकलेले. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण रिकामे पोट आणि न वाचता येणारी वही जिथे एकत्र येतात, तिथे तो कायदा पोहोचायला फार वेळ लागतो.

अशा माणसाने आजारी मुलासाठी दुसऱ्या भट्टीचा बयाणा घेतला आणि पहिल्या भट्टीवर गेला नाही, तर आपण काय म्हणतो? ‘बुडवा आहे.’ आता दुसरे चित्र पाहा. आपल्यातल्याच एखाद्या नोकरदाराने घरासाठी कर्ज घेतले. घरात आजारपण आले, हप्ते थकले. तो बँकेत जातो, अर्ज लिहितो, साहेबांशी बोलतो, मुदत वाढवून घेतो. त्याला कोणी बुडवा म्हणत नाही. उलट, संकटातही त्याने व्यवहार सांभाळला, असे आपण म्हणतो. शब्द पाळणे दोघांनाही कठीण झाले होते. एकाला शब्द पुढे ढकलण्याची सोय होती, दुसऱ्याला फक्त तो मोडण्याची. म्हणजे आपल्या प्रामाणिकपणाचा काही भाग आपला असतो आणि काही भाग आपल्याला मिळालेल्या सोयींचा असतो. हे मान्य करायला मन धजत नाही, पण नाकारता येणार नाही.

मुलांचेही तसेच. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते आणि मूल आईबापांबरोबर भट्टीवर जाते. शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत जाते. पुढे शिक्षक म्हणतात, ‘याला शिक्षणाची गोडी नाही.’ गोडी लागायला ताट समोर यावे लागते.

गीतेतील पाच कारणे

या प्रश्नाचा विचार पाश्चात्त्य जगातही झाला आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी इंग्लंडमध्ये यावर निबंध सादर केले. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवर आपले चांगले-वाईट ठरते काय, हा त्यांचा प्रश्न. तो आपल्या भाषेत मांडू. समजा, रात्री दोन चालक डुलकी घेत कर्जत-चौक रस्त्याने गाडी हाकत आहेत. दोघांचा निष्काळजीपणा सारखाच. एकाच्या गाडीसमोर कोणी आले नाही. तो घरी पोहोचला आणि झोपला. दुसऱ्यासमोर एक म्हातारी आली. पहिला आपल्या लेखी सभ्य गृहस्थ राहतो, दुसरा मनुष्यवधाचा आरोपी होतो. दोघांत फरक केला तो म्हातारीच्या येण्याने. त्यात दोघांपैकी कोणाचेही कर्तृत्व नव्हते.

परंतु आपल्याकडे हा विचार फार पूर्वी झालेला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगतात. अधिष्ठान, म्हणजे कर्म जिथे घडते ते स्थान, तो देह. कर्ता. करण, म्हणजे साधने. चेष्टा, म्हणजे निरनिराळ्या हालचाली आणि प्रयत्न. आणि पाचवे, दैव. मनुष्य बरे करो वा वाईट, ही पाचही कारणे तिथे असतात. यानंतर जे सांगितले आहे, ते आपण वाचतो आणि विसरतो. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरे दिसत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे.

हे सूत्र भट्टीवरच्या त्या माणसाला लावून पाहा. अधिष्ठान कोणते? कुपोषणात वाढलेला देह आणि जिथे सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही अशी जमीन. करण कोणते? ना अक्षर, ना बँकेचे खाते हाताळण्याची सवय. चेष्टा? पहाटेपासून चिखल तुडवणे. दैव? ज्या घरात जन्म झाला ते घर. आणि या चौघांत उभा असलेला एक कर्ता. आपण निवाडा देताना चार कारणे पुसून टाकतो आणि पाचव्यावर सगळा भार घालतो. स्वतःच्या यशाचे वर्णन करतानाही नेमके हेच करतो. वडिलांनी शिकवले, गावात शाळा होती, स्टेशन जवळ होते म्हणून मुंबईची नोकरी जमली, हे सारे गळून पडते आणि ‘मी कष्टाने वर आलो’ एवढेच उरते. कष्ट खरे असतात. अपुरा असतो तो हिशेब.

इर्शाळवाडीने विचारलेला प्रश्न

दैव म्हटले की आपल्या तालुक्याला १९ जुलै २०२३ ची रात्र आठवते. इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या ठाकर समाजाच्या इर्शाळवाडीवर मुसळधार पावसात दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचावाची यंत्रे वर नेता आली नाहीत. जवानांनी आणि परिसरातील गिर्यारोहकांनी चिखलातून पायी चढून हातांनी माती उपसली. कोणी त्या रात्री घरात होते म्हणून गेले, कोणी बाहेर होते म्हणून वाचले. जे गेले त्यांचा दोष काय आणि जे वाचले त्यांचे पुण्य काय, याचे उत्तर देण्याचे धाडस कोणी करू नये.

पण सगळेच दैव होते का? डोंगर कोसळणे हे दैव. ही वाडी त्या उतारावर असणे, तिथे रस्ता नसणे, पायथ्याच्या सुरक्षित जमिनीत तिला जागा नसणे, हे दैव नव्हे. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनानेच तेव्हा सांगितले. यादी माणसे करतात. ज्या खोपोलीहून १९१५ पासून मुंबईला वीज जाते, ज्या खालापुरातून २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्ण क्षमतेने धावतो, त्याच तालुक्यात आजारी माणसाला डोलीतून उतरवणाऱ्या वाड्या राहतात. हे अंतर आकाशातून पडलेले नाही.

मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. वाडीतल्या मुलाच्या दृष्टीने जे दैव आहे, त्याचा मोठा भाग म्हणजे इतर माणसांनी केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींची साठलेली बेरीज आहे. कोणीतरी कायदा केला, कोणीतरी वही लिहिली, कोणीतरी यादीतून नाव गाळले, आणि कोणीतरी हे सारे पाहून गप्प बसले. त्या बेरजेत आपलाही आकडा आहे.

मग कोणीच जबाबदार नाही काय?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सगळे परिस्थितीवर ढकलले तर चोर, दारुडा, बायकोला मारणारा या सगळ्यांनाच मोकळीक मिळेल. व्यक्तीची जबाबदारी संपली तर धर्मही संपला.

मी ती संपवू इच्छित नाही. पाच कारणांत कर्ताही आहे, तो गीतेने वगळलेला नाही. परिस्थितीने गांजलेल्याला ‘तुझा काहीच दोष नाही, तू काय करणार’ असे म्हणणे दयाळूपणाचे वाटते. खरे तर तो त्याचा अपमान आहे. त्याच्यात काही करण्याची शक्तीच नाही, असे आपण त्याला सांगत असतो. त्याच वाडीत, त्याच उपासमारीत, बहुसंख्य माणसे चोरी करत नाहीत, घेतलेला शब्द शक्यतो पाळतात, मुलांना उपाशी ठेवून स्वतः खात नाहीत. त्यांचे शील आपल्यापेक्षा महाग मोलाने घेतलेले आहे. कारण आपल्या शीलाची तशी परीक्षा बहुधा झालेलीच नाही. आणि दारूपायी घर मोडणाऱ्याला त्याच्या वाडीतल्या बाया जेव्हा जाब विचारतात, तेव्हा त्या त्याला माणूस म्हणूनच वागवत असतात.

याच मातीतले उदाहरण घेऊ. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. गरीब घर, समाजात खालचे मानलेले स्थान. ते वकील झाले. स्वतःपुरता संसार करून सुखाने राहता आले असते. त्यांनी मुलांसाठी शाळा काढल्या, सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठी चालवली. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभा करून मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हौतात्म्य पत्करले. परिस्थितीने माणूस पुरता बांधला जात नाही, याचा हा पुरावा. परंतु त्याच भाई कोतवालांनी धान्यकोठी का काढली, हेही पाहा. शेतकऱ्याला त्यांनी केवळ सचोटीचा उपदेश केला नाही. सचोटीने वागणे त्याला परवडावे, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली.

दुसरे नाव नाग्या महादू कातकरी. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात जे हुतात्मे झाले, त्यांत हा कातकरी तरुण होता. ज्या वनकायद्याने त्याच्या समाजाला अपराधी ठरवले, त्याच कायद्याविरुद्ध देशासाठी उभा राहून तो गोळीला सामोरा गेला. ज्यांच्याविषयी आपण ‘यांना कशाचे काही नाही’ असे म्हणतो, त्यांच्यातल्या एकाने आपल्या स्वातंत्र्याचे मोल दिले आहे.

तेव्हा जबाबदारी संपत नाही, ती वाटली जाते. ज्याच्याकडे जेवढी साधने, जेवढे ज्ञान, जेवढी मोकळीक, तेवढा त्याचा वाटा मोठा. बयाणा चुकवणाऱ्याचा वाटा आहेच. पण वही लिहिणाऱ्याचा त्याहून मोठा, आणि दोघांना ओळखून गप्प राहणाऱ्या सुशिक्षिताचाही आहे.

कर्मसिद्धांताचा दुरुपयोग

आता एक कटू गोष्ट बोलतो. घरच्या माणसांतच ती बोलता येते. ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ हे वाक्य आपल्या समाजाने फार स्वस्त केले. कर्मसिद्धांत हा स्वतःकडे पाहण्याचा आरसा आहे. माझ्यावर संकट आले तर ते माझे प्रारब्ध म्हणून मी धीराने सोसावे आणि पुढचे कर्म चांगले करावे, हा त्याचा उपयोग. शेजाऱ्यावर संकट आले तर तिथे माझ्यासाठी प्रारब्धाचा नव्हे, कर्तव्याचा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे प्रारब्ध मोजण्याचा अधिकार मला कोणी दिला? आपण हा क्रम उलटा केला. स्वतःच्या दुःखात दुसऱ्याला दोष दिला आणि दुसऱ्याच्या दुःखात त्याच्या पूर्वजन्माला.

याच जिल्ह्यात, महाडला, मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणी नाकारणारे आपल्या मते धर्मच पाळत होते. मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत पूजनीय बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचा कोणत्याही आडपडद्याविना निषेध केला, त्यामागे हीच वेदना होती. १४ एप्रिल १९८३ रोजी, वर्षप्रतिपदा आणि आंबेडकर जयंती एकाच दिवशी आली असताना, सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. समरसता म्हणजे दुसऱ्याच्या दैवात आपला वाटा ओळखणे, अशी मी तिची सोपी व्याख्या करतो.

आपल्याला काय करता येईल?

भाषण ऐकून हळहळणे सोपे आहे. म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची. जातीचा दाखला, आधार, शिधापत्रिका, वनहक्क कायदा २००६ खालील दावा, घराखालच्या जमिनीचा हक्क. यांतील एकेका कागदाअभावी कुटुंबे अडतात. महाराष्ट्रात विशेष मागास जनजाती म्हणून कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांची नोंद आहे, आणि त्यांच्यासारख्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ‘पीएम-जनमन’ योजना सुरू केली. योजनेत घर मंजूर झाले तरी ते बांधायला जागा लागते, आणि पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. आपल्यात वकील आहेत, निवृत्त तलाठी आहेत, शिक्षक आहेत. महिन्यातला एक रविवार एका वाडीला द्या. अर्ज तुम्ही लिहा, पण तहसील कचेरीत त्या माणसाला पुढे उभे करा.

दुसरी गोष्ट मुलांची. आईबाप भट्टीवर गेले तरी मूल वाडीत राहू शकेल, अशी सहा महिन्यांची निवासाची सोय झाली तर शाळा सुटत नाही. आजी-आजोबा वाडीत असतात; धान्याची जोड मिळाली तर तेही नातवंडे सांभाळतात. दहा कुटुंबांनी मिळून एका वाडीतल्या मुलांचा दिवाळी ते वैशाख एवढा भार उचलणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. आपल्यातल्या कोणाची भट्टी असेल, फार्महाऊस असेल, बांधकाम असेल, त्यांनी हिशेबाची एक प्रत मजुराच्या हाती द्यावी, आणि ती त्याच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावी. हे दान नव्हे, हा धर्म आहे.

चौथी गोष्ट घरातली आणि सर्वांत अवघड. मुलांसमोर कोणत्याही जातीजमातीच्या स्वभावाविषयी सरसकट वाक्य बोलायचे नाही. संस्कार आपण शाखेत आणि शाळेत करतो असे वाटते. खरा संस्कार जेवणाच्या पानावर होतो. मुलाने विचारले, ‘ते असे का राहतात?’ तर ‘ते तसेच’ असे उत्तर देऊ नका. त्याला घेऊन वाडीवर जा.

ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुर्जनांचा नाश मागितला नाही. त्यांच्या ठिकाणचा वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची आवड लागावी, असे मागितले. माणूस आणि त्याचा दोष यांत अंतर आहे, हे त्या मागण्यात गृहीत धरलेले आहे. आपल्या परंपरेतला हा विवेक आपल्याला आपल्या तालुक्यातल्या वाडीपर्यंत न्यायचा आहे. दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतील. त्याआधी आपल्या जवळच्या वाडीत किती मुले आहेत, एवढे तरी प्रत्येकाने मोजून यावे, अशी विनंती करतो आणि थांबतो.

भारत माता की जय!